द्वारपाल वळला नाही

बाई,

द्वारपाल का वळला नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही ते दोनदा विचारलंत. पहिल्यांदा शाळेच्या पटांगणात, पडद्यामागे, त्यालाच विचारलंत, आणि मी बाजूला उभा होतो. दुसऱ्यांदा परभणीच्या दवाखान्यात मला विचारलंत, तेव्हा तर खोलीत तिसरं कोणी नव्हतंच. दोन्ही वेळा उत्तर मला माहीत होतं. त्या दवाखान्यातल्या भेटीनंतर दहा-बारा दिवसांत तुम्ही गेलात, त्याला आता बावीस वर्षं झाली, आणि मी साठीला येऊन टेकलोय. इतक्या उशिरा हे लिहायला बसण्यात काही अर्थ नाही, असं चार दिवस स्वतःला बजावतोय. चार दिवसांत तीन वेळा बसलो, तीन वेळा उठलो. बायको म्हणाली, त्या टेबलाभोवती काय घिरट्या घालताय, काही हरवलंय का. काही नाही, म्हणून सांगितलं.

सुरुवात कॉलेजातून झाली. चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय, म्हणून हल्ली जरा रंगात येऊन शिकवतो. शोकांतिका शिकवायची वेळ आली की मी तुमचंच नाटक सांगतो, ते मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकातलं, कुठल्या तरी दूरच्या देशातलं फार जुनं. अभ्यासक्रमात ते कधीच नव्हतं, पण मुलांना गोष्ट आवडते. राजा भला आहे, दानशूर आहे, प्रजा त्याला डोक्यावर घेते. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द तो परत घेत नाही. शत्रू चालून येतोय म्हणून तो हुकूम काढतो की सूर्य बुडाला की वेस बंद, मग बाहेर कोणीही असो. त्याच संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ जखमी होऊन, उरलीसुरली माणसं घेऊन वेशीबाहेर येऊन पोचतो. म्हातारा द्वारपाल विनवतो, उघडू द्या. राजा नाही म्हणतो. तो पुन्हा विनवतो. राजा शब्दाचं, कुळाचं, न्यायाचं मोठं भाषण करतो. मग द्वारपाल काही न बोलता किल्ल्या राजाच्या पायाशी ठेवतो, पाठ फिरवतो आणि चालायला लागतो. सगळ्या नाटकात राजाला पाठ दाखवणारा तो एकटाच. सकाळी वेस उघडतात तेव्हा बाहेर सगळे मरून पडलेले असतात, आणि त्यानंतर राजाचं जे व्हायचं ते होतं.

इथं मी तुमचं वाक्य टाकतो. ‘राजा कसा आहे हे राजाला विचारू नका, तो स्वतःबद्दल चांगलंच बोलणार. द्वारपालाला विचारा.’ पस्तीस वर्षं मी हे वाक्य वापरतोय आणि एकदाही सांगितलं नाही की ते माझ्या बाईंचं आहे. मुलं वहीत उतरवून घेतात, पेपरात लिहितात, मीच त्यांना त्याचे मार्क देतो. गेल्या आठवड्यात वाक्य टाकून मी नेहमीसारखा थांबलो, तर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. चुडाव्याहून रोज गाडीनं येते, फारशी बोलत नाही. म्हणाली, “सर, पण द्वारपाल वळलाच नसता तर? राजाकडं तोंड करून तसाच राहिला असता, तर राजा कसा दिसला असता?” चांगला प्रश्न आहे, उत्तर पुढच्या तासाला देईन, असं मी म्हणालो. घसा धरल्याचं सांगून तास सोडला आणि बाहेर येऊन गाडीत नुसता बसून राहिलो. कारण बाई, तसा द्वारपाल मी पाहिलाय. आणि तेव्हा राजा कसा दिसला तेही मला ठाऊक आहे, राजा मीच होतो.

तुमची ती शिंप्याच्या घरामागची भाड्याची खोली मला आजही जशीच्या तशी दिसते. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीत तुळशीची कुंडी, आणि वह्यांचा गठ्ठा ठेवायला जागा नसल्यानं तो पिठाच्या डब्यावर. तुम्ही औरंगाबादहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, पायात चपला घालून स्वयंपाक करणाऱ्या. गावातल्या बायकांना तुमच्याबद्दल बोलायला एवढं पुरे होतं. अकरावीच्या आम्हा पोरांना मात्र त्या खोलीचं लय आकर्षण. रविवारी तालीम तिथंच. आधी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला मिळायची, शेंगदाणे आणि हिरवी मिरची सढळ हातानं घातलेली. ताटल्या सगळ्यांना सारख्या, स्टीलच्या. मी मोठ्या घरचा, आमच्याकडे द्वारपाल झालेल्या पोराच्या बापाला चहा वेगळ्या कपात मिळायचा आणि तो कप वळचणीला खोचलेला असायचा. तुमच्याकडे पहिल्या रविवारी मी त्या पोराच्या हातातल्या ताटलीकडे बघत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “राजे, थंड होतंय.” मी मुकाट्यानं खाल्लं.

त्याचं नाव लिहीत नाही, द्वारपालच म्हणतो. मेंढपाळाच्या घरचा, माझ्याच वर्गातला, अंगाला कायम लोकरीचा वास, आणि वाचायला एवढा वेडा की गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायचा नाही. मला शंभरावर संवाद होते, त्याला नऊ. तरी तालमीचा अर्धा वेळ तुम्ही त्याच्यावर घालवायचात. तुमची रीतच निराळी होती. मला भाषण म्हणायला लावायचं आणि बाकीच्या पोरांना माझ्याकडे बघायची बंदी. सगळ्यांनी द्वारपालाच्या तोंडाकडे बघायचं. भाषण संपलं की तुम्ही विचारायचात, “आता सांगा, राजा कसा आहे?” मी घसा फोडून शौर्याचं भाषण केलेलं असायचं आणि पोरं सांगायची, “बाई, भ्यालेला हाय.” दुसरा म्हणायचा, “त्येला ठाव हाय बाई, आपलं चुकायलंय म्हून. पर आता मागं कसं फिरावं?” तुम्ही खूश व्हायचात. मी आतल्या आत जळायचो. माझ्या मेहनतीचं माप दुसऱ्याच्या तोंडावर काढलं जातंय, हे मला सहनच होत नव्हतं.

त्या वळण्याची तालीम तर तुम्ही आठ दिवस घेतलीत. “रागानं पाठ फिरवू नको,” तुम्ही त्याला सांगायचात. “अपमान करायचा म्हणूनही नको. ह्या माणसाकडे आता तुला बघवत नाही, एवढंच.” पहिले दोन-तीन दिवस तो सैनिकासारखा गर्रकन वळायचा आणि पोरं हसायची. मग रविवारी त्याला ते सापडलं. किल्ल्या म्हणून तुमच्याच कपाटाच्या किल्ल्या होत्या; त्या त्यानं माझ्या पायाशी ठेवल्या, वर पाहिलं, माझ्या तोंडावर त्याची नजर जरा थांबली, आणि तो वळला. स्टोव्ह तेवढा फरफरत होता. तुम्ही पदरानं डोळे टिपलेत. मला मात्र असं वाटलं की त्याला राजाकडे नाही, खरोखर माझ्याकडे बघवत नाहीये. ताटली, कप, आमचं अंगण, त्याच्या बापाशी माझे वडील, अण्णा, ज्या आवाजात बोलतात तो आवाज, ते सगळं त्याच्या त्या नजरेत आलं होतं. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. आईनं विचारलं तर म्हणालो, बाईंकडे खाऊन आलोय.

गॅदरिंग दुपारचं ठेवलं होतं, कारण विजेचा भरवसा नव्हता. वर्गातली टेबलं जोडून वर सतरंज्या टाकल्या की झाला रंगमंच, मागे बायकांकडून मागून आणलेल्या साड्यांचा पडदा. सगळं गाव लोटलं होतं. अण्णा पहिल्या खुर्चीवर, शेजारी काका, त्यांच्या मागे माझे चुलतभाऊ. सकाळीच त्यातला एक मला म्हणाला होता, “मेंढक्याचं पोरगं भर गावात तुला पाठ दावणार म्हनं? मंग राजा कोन हाय रं त्या नाटकात?” ते हसले. मीही हसलो. पण ते पोटात जाऊन बसलं. आठवीच्या वर्गात आम्ही कपडे घालत होतो, तिथं मी द्वारपालाला खिडकीपाशी घेतलं. मी काय बोललो ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं शब्दाला शब्द लिहितो. “अण्णा म्होरंच बसलेत,” मी म्हणालो. “त्यांच्यासमोर मला पाठ दावलीस, तर पुढल्या साली तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची न्हाईत. आन बाईला सांगितलंस तर बघ.”

तुम्ही शहरातल्या, ह्याचा अर्थ तेव्हा तुम्हाला कळला असता की नाही कोण जाणे. पिकं निघाली की मेंढपाळ आपला कळप शेतात आणून बसवतात. लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. आमचं रान मोठं. त्या रानात मेंढरं बसणार की नाही, ह्यावर त्यांच्या घरातली वर्षाची ज्वारी ठरायची. द्वारपाल कमरेचा पट्टा बांधत होता, तो बांधत राहिला. मग म्हणाला, “बाईनी तर आठ दिस तेच शिकवलंय.” मी म्हणालो, “ते तुझं तू बघ.” आणि मी मुकुट घालून बाहेर गेलो.

नाटक छान चाललं होतं, बाई. तुम्हाला आठवत असेल. तो प्रसंग आला, मी भाषण केलं, टाळ्या घेतल्या. त्यानं किल्ल्या ठेवल्या, वर पाहिलं, आणि वळलाच नाही. माझ्याकडे तोंड करून, हात जोडून, एकेक पाऊल मागे टाकत तो निघाला. लोक देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर येतात तसा. कोणाला काही कळेना. तुम्ही पडद्याच्या फटीतून हात फिरवून त्याला खुणावत होतात, वळ, वळ. त्याची नजर माझ्यावरून हलत नव्हती. त्या नजरेत तालमीतलं काहीच नव्हतं, नुसतं विचारणं होतं, की असं चालेल का? आणि मग टेबल संपलं. त्याची टाच हवेत गेली आणि तो उताणा खाली पडला. अख्खं गाव हसलं. अण्णा मांडीवर थाप मारून हसले. मला तेवढ्यात सुचलं, मी हात वर करून ओरडलो, “पडला! माझा शेवटचा माणूसही पडला!” त्याला जोरदार टाळ्या मिळाल्या. तो खाली मनगट धरून बसला होता.

पडदा पडल्यावर तुम्ही त्याच्यावर तुटून पडलात. तुम्हाला इतकं चिडलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. “नऊ वाक्यं आणि एक वळणं! एवढंही तुझ्या लक्षात राहिलं नाही? विसरलास? तालमीत एकदा चुकला नाहीस आणि आज विसरलास?” त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मुकुटाची दोरी सोडवण्यात गुंतलो होतो. मग तो म्हणाला, “व्हय बाई. इसरलो.” तुम्ही म्हणालात, “हे नाटक मी तुझ्यासाठी निवडलं होतं. माझीच चूक झाली.” आणि निघून गेलात. खरं सांगू का, बाई, त्या क्षणी नाटक संपलेलं नव्हतं. तुम्ही शिकवलेलं सगळं तुमच्यासमोर पडद्यामागे चाललं होतं; तुम्ही त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतंत तर राजा कसा आहे ते तुम्हाला कळलं असतं. पण तुमचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, नाटक सावरून घेतल्याबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या असतील. मनगटाला हळदीचं फडकं बांधलेलं होतं एवढं आठवतं.

आठवड्याभरात त्यानं शाळा सोडली. तुम्हाला त्याला डी.एड. ला पाठवायचं होतं, हे तुम्ही मला त्याच्या वस्तीकडे जाताना सांगितलंत. हो, मीच तर तुम्हाला घेऊन गेलो होतो. वाट दाखवायला तुम्ही नेमकं मलाच बोलावलंत. त्याची आई शेळीचं दूध काढत होती. ती म्हणाली, “त्यो मेंढरामागं गेलाय बाई, राणीसावरगावाकडं. साळंचं नावच काढीना.” तुम्ही तिला म्हणालात, त्याला सांगा, बाई रागावलेल्या नाहीत. परत येताना मी तुमच्या दोन पावलं पुढं चालत होतो. तेव्हा सांगता आलं असतं. पाऊणएक कोसाची वाट होती, वाटेत माणूस नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि शाळेचा कौलारू माथा दिसला तशी मला सुटका झाल्यासारखी वाटली.

गंमत बघा. पुढल्या साली त्यांची मेंढरं आमच्याच रानात बसली. अण्णांना ह्यातलं काही माहीतच नव्हतं. अठरा वर्षांच्या पोराला कोण विचारतो मेंढरं कुणाची बसवायची म्हणून? माझ्या धमकीत काही दमच नव्हता. मी जे काढून घेईन म्हणालो ते माझ्या हातातच नव्हतं, आणि जे माझ्या हातात होतं ते मी दिलं नाही. पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की त्यांच्या वस्तीवरची पोरं तशीही शाळा सोडतातच, ह्यानंही सोडलीच असती. कदाचित सोडली असती. पण ‘कदाचित’वर माणूस किती वर्षं काढणार?

दवाखान्यात तुम्ही ओळखू न येण्याइतक्या वाळल्या होतात. मी केळी आणली होती आणि ती कुठं ठेवावी कळत नव्हतं. तुम्ही माझ्या नोकरीचं विचारलंत, मुलांचं विचारलंत, मी ते जुनं नाटक वर्गात सांगतो म्हटल्यावर हसलात. मग खिडकीकडे बघत म्हणालात, “तो पोरगा का वळला नाही रे? मला अजून कळलेलं नाही. मी त्याला फार बोलले.” बाई, किती सोपं होतं. मी सदतीस वर्षांचा होतो, प्राध्यापक होतो, अण्णा वारले होते, कोणाची भीती नव्हती. मी म्हणालो, “विसरला असेल हो बाई. एवढ्या लोकांसमोर भांबावला असेल.” तुम्ही मान हलवलीत. “असेल,” म्हणालात. तुम्हाला ते पटलं नव्हतं हे मला दिसलं, पण तुम्हाला आणखी विचारायचं त्राण नव्हतं. घरी येताना मी असं ठरवलं की पुढच्या वेळी सांगू.

तर त्या चुडाव्याच्या मुलीनं विचारल्यावर मला घरात बसवेना. रविवारी सकाळी गाडी काढली आणि गावी गेलो. पेडगावच्या पुढे रस्त्यावर ट्रॅक्टर अडकला होता, तिथं अर्धा तास थांबावं लागलं. मागे फिरावं असं दोनदा मनात आलं. द्वारपाल बांधावर बाभळीखाली बसला होता. सत्तर-ऐंशी मेंढरं समोर चरत होती, मांडीवर शिळा पेपर. केस पांढरे झालेत, पण पाठ ताठ आहे. मला बघून उठला. “या या, सर. लय दिसांनी. इकडं कुनीकडं वाट चुकले?” शाळेत आम्ही अरे-तुरे होतो. त्यानं पेपर झटकून मला बसायला अंथरला, आणि बायकोला हाक मारून चहा सांगितला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. थोरला मुलगा परभणीत गॅरेजात आहे, नात बारावीला आहे, मेंढरामागं यायला आता घरात कोणी तयार नाही. मी हो-हो करत होतो. चहा आला. दोन्ही कप सारखेच होते.

शेवटी मी एकदम म्हणालो, “तुला एक सांगायचंय. त्या नाटकाच्या दिवशी मी...” त्यानं हात वर केला. “ते व्हय? ते तर तू मलाच म्हनला व्हतास की. मला काय सांगतूस?” आणि हसायला लागला. चाळीस वर्षांनी त्याच्या तोंडून ‘तू’ ऐकलं. म्हणाला, “बाईनी जा म्हनलं व्हतं, तू पाठ दावू नको म्हनलास. मंग मी दोन्ही केलं. उलटा चालत गेलो. आता टेबल कुठं संपलं ते मागं काय दिसायलंय?” मी म्हणालो, माझं चुकलं. तो म्हणाला, “पोरं व्हतो रं. आमचा बाप लय भिणारा मानूस, मी बी त्येचाच.” एक मेंढरू बांध ओलांडायला लागलं, त्याला त्यानं तोंडानं आवाज करून फिरवलं. पुन्हा बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “एकच इचारतो. बाईला मागून कळलं का, मी इसरलो न्हवतो म्हून?”

हेच. एवढ्यासाठी तो थांबला होता. शाळेचं नाही, डी.एड. चं नाही, माझ्या माफीचं तर नाहीच नाही. “साळा सुटली त्येची फिकर न्हाई केली मी,” तो म्हणाला. “पर बाईनी आठ दिस घसा सुकवला, आन त्येंला वाटलं ह्या पोरानं ध्यानच देलं न्हाई. ते लय टोचायचं. अजून बी मेंढरामागं चालताना मदीच पाठ फिरवून बघतो, बाईनं शिकवलं तशी. येतंय मला ते.” आणि बाई, मी त्याला म्हणालो, “हो, कळलं होतं. दवाखान्यात मी सांगितलं त्यांना सगळं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “काय म्हनल्या?” आता मागे कसं फिरणार? मी म्हणालो, “म्हणाल्या, मला वाटलंच होतं. तो विसरणाऱ्यातला नाही.” त्यानं रुमालानं तोंड पुसलं, चांगलं दोन-तीन वेळा. मग झोपडीकडे तोंड करून ओरडला, “अगं, ऐकलीस का? बाईला ठाव व्हतं!” त्याची बायको दारात आली. तिला सगळी कहाणी तोंडपाठ होती. तिनं मला हात जोडले.

परत येताना मी स्वतःला सांगत होतो, म्हाताऱ्या माणसाला समाधान मिळालं, तुम्ही तर आता नाहीच, ह्यात कोणाचं काय वाईट झालं. बायकोलाही हेच सांगितलं, तिला बरं वाटलं. पण चार दिवस झाले, खुर्चीत बसवत नाही, वर्गात त्या मुलीकडे बघवत नाही. तिला मी म्हणालो की उत्तर पुढच्या तासाला देईन, आणि पुढच्या तासाला दुसराच धडा काढला. त्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणालो, हे खरं नाही. नाही म्हणालो असतो तर तो माझ्याकडे बघत राहिला असता, आणि बावीस वर्षं मी काय करत होतो हे मला त्याच्या तोंडावर दिसलं असतं. हो म्हणालो ते स्वतःला वाचवायला. त्या खिडकीपाशी जे केलं, तेच पुन्हा केलं. ह्या वेळी फक्त गोड आवाजात.

तुम्हाला आज सगळं सांगून झालं. द्वारपाल विसरला नव्हता, बाई. पण हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच तर लिहिता आलं. पोचू शकेल असा एकच माणूस उरलाय आणि हे कागद खरं तर त्याच्या हातात पडायला हवेत. पत्ता मला माहीत आहे, पोस्टमन त्यांच्या वस्तीवर जातो, आणि तो आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. म्हणून हे मी घरीच ठेवणार आहे.